'कोकोरो' वाचून झाली, आता पुढे काय?

तुम्ही विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडते. नात्सुमे सोसेकीची 'कोकोरो' तुम्ही इंग्रजीतून वाचलीत, जपानी साहित्यातलं हे तुमचं पहिलंच पुस्तक. सेन्सेईंचं (सेन्सेई म्हणजे गुरुजी, गोष्ट सांगणारा तरुण त्यांना याच नावाने हाक मारतो) पत्र संपतं आणि पुस्तकही तिथेच संपतं, त्यानंतर तीन दिवस दुसरं काही वाचवलं नाही. मग याद्या शोधल्यात, तर मुराकामी, मिशिमा, दाझाई, कावाबाता सगळे एका दमात समोर आले. यातलं आधी कोणाला घ्यावं? आणि जाता जाता तुम्ही लिहिलंय की जनरल नोगींच्या मृत्यूचा भाग नीट उमगला नाही आणि सेन्सेईंच्या बायकोचं पुढे काय झालं असेल हे डोक्यातून जात नाही. (ज्यांनी 'कोकोरो' वाचलेली नाही त्यांनी इथेच थांबावं, कारण पुढे सगळं उघड होणार आहे.)

माझं उत्तर असं की इतक्यात लेखक बदलू नका. सोसेकीचीच 'मोन' वाचा. इंग्रजीत ती 'द गेट' या नावाने मिळते. का, ते सविस्तर सांगते.

मी पुण्यात बावीस वर्षं जपानी शिकवते आहे आणि त्यातली बारा वर्षं महिन्यातून एकदा आमचा वाचनगट भरतो. तुमचा प्रश्न मला दरवर्षी कोणी ना कोणी विचारतं. मी स्वतः तेविसाव्या वर्षी 'कोकोरो' वाचली तेव्हा कोणाला विचारलं नव्हतं. ग्रंथालयातून जपानी नावाची पाच पुस्तकं एकदम आणली आणि एका महिन्यात संपवली. पाच वेगवेगळे लेखक, पाच वेगवेगळे काळ. त्यातलं आज काही आठवत नाही. उलट 'कोकोरो'ची चवच त्या पाचांत विरून गेली, आणि पुढची दोन वर्षं मी जपानी कादंबरीच्या वाटेला गेले नाही. पुस्तकं चांगली होती. मीच ती चुकीच्या भुकेने खाल्ली.

त्या अनुभवातून मला कळलं ते असं, की 'जपानी' हा वाचनाचा धागा होऊ शकत नाही. पुस्तकांच्या दुकानात ती एक फळी असते, एवढंच. तुम्हाला मराठीतली एक कादंबरी भिडली म्हणून कोणी मराठीतली गाजलेली दहा नावं हातात ठेवली, तर तुम्ही म्हणाल की अहो, मला हे कुठे हवं होतं? इथेही तसंच आहे. पुढची वाट त्या पुस्तकातच असते. ते मिटल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आपोआप कोणता प्रसंग डोळ्यांसमोर आला, तो पकडायचा आणि त्याच्या मागे जायचं. तुमच्या बाबतीत ते तुम्ही स्वतःच लिहून ठेवलंय: पत्र संपतं आणि पुढे काहीच नाही.

खरंच काही नाही. मरणाच्या दारातल्या वडिलांना गावी सोडून तो तरुण तोक्योच्या गाडीत बसतो, पत्र उघडतो आणि त्यानंतर कथा त्याच्याकडे परत येतच नाही. तो वेळेत पोचला का, वडील गेले का, सेन्सेईंच्या बायकोला तो काय म्हणाला, काही कळत नाही. ही चूक म्हणा किंवा धाडस म्हणा, कादंबरीच्या जन्मकथेत त्याचं एक कारण आहे. 1914 मध्ये 'आसाही' वर्तमानपत्रात ती 20 एप्रिल ते 11 ऑगस्ट अशी रोज हप्त्याहप्त्याने येत होती. सोसेकीच्या मनात 'कोकोरो' या एका नावाखाली अनेक लघुकथा लिहायच्या होत्या. पहिलीच, सेन्सेईंचं मृत्युपत्र, वाढत वाढत अख्खी कादंबरी झाली. ते काही असो, वाचकाच्या हातात एक उघडी जखम राहते. म्हणून मला वाटतं, तुम्हाला दुसरा लेखक नकोच आहे. त्या पत्रानंतरचं काहीतरी हवंय.

'मोन' तेच देते. गंमत अशी की ती चार वर्षं आधीची, 1910 ची आहे.

प्रसंग तोच. मित्राचा विश्वासघात करून मिळवलेली बायको. फरक इतकाच की इथे दोघं जगतात. सोसुके आणि ओयोने तोक्योत एका कड्याखालच्या, जेमतेम ऊन लागणाऱ्या भाड्याच्या घरात राहतात. तो सरकारी कचेरीत कारकून. रविवार आला की ऊन खात पडणं हीच त्याची चैन. कादंबरी सुरू होते तीच अशी: शरदातली रविवार सकाळ, सोसुके ओसरीत आडवा पडलेला, आणि तो बायकोला विचारतो की 'किनराई' मधलं 'किन' कसं लिहितात गं? अगदी सोपं, रोजच्यातलं अक्षर. ओयोने फूटपट्टीच्या टोकाने ते गिरवून दाखवते. तो म्हणतो, सोप्या अक्षराकडेही एकदा शंकेने पाहिलं की ते अनोळखी वाटायला लागतं. आपल्याकडे एखादा ओळखीचा शब्द पुन्हा पुन्हा लिहिला की ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ होतो ना, तसंच. पहिल्यांदा वाचताना हे नुसतं घरगुती बोलणं वाटतं. शंभरेक पानांनंतर लक्षात येतं की या माणसाला सगळं आयुष्यच असं अनोळखी झालेलं आहे.

काय घडलं होतं ते लेखक बराच काळ सांगत नाही. आधी दिसतं ते घर: वडिलांच्या मागे काकांच्या हातात गेलेली आणि विरून गेलेली मालमत्ता, उरलेला एक जुना रंगवलेला पडदा आणि तो विकण्याची वेळ, धाकट्या भावाच्या शिक्षणाचा खर्च, जगू न शकलेली तीन मुलं. या सगळ्यात दोघं एकमेकांवर जीव लावून आहेत. हे मला विलक्षण वाटतं. पाप केलं म्हणून प्रेम आटलं असं सोसेकी म्हणत नाही. प्रेम आहे, पूर्ण आहे, आणि तरी खोलीच्या कोपऱ्यात काहीतरी बसलेलं आहे. मग एक दिवस वरच्या घरात राहणारा घरमालक सहज सांगतो की आपल्या भावाबरोबर एक पाहुणा जेवायला येणार आहे. त्याचं नाव यासुई. म्हणजे तोच मित्र.

सोसुके यावर काय करतो? बायकोला एक अक्षर सांगत नाही आणि थेट कामाकुराच्या झेन मठात जाऊन बसतो. इथे 'कोकोरो' आठवा. सेन्सेईही बायकोला शेवटपर्यंत सांगत नाहीत. तिच्या मनावर डाग पडू नये म्हणून, असं ते म्हणतात. दोन्ही पुस्तकांत पुरुष आपलं ओझं बायकोपासून लपवतो आणि त्यालाच माया समजतो. 'मोन' वाचून 'कोकोरो'कडे पुन्हा वळलात की सेन्सेईंचं ते वाक्य पहिल्यासारखं उदात्त वाटणार नाही. निदान मला वाटलं नाही, आणि तेव्हापासून मी हाच क्रम सांगते.

मठातला भाग काहींना मध्येच चिकटवल्यासारखा वाटतो. आमच्या गटातही यावर वाद झाला आहे. मला तो अत्यंत प्रामाणिक वाटतो, कारण तो सोसेकीच्या स्वतःच्या हातून झालेला आहे. 1894 च्या अखेरीस तोही कामाकुराच्या एंगाकुजी मठात गेला होता. तिथले गुरू शाकु सोएन. त्यांनी त्याला प्रश्न घातला: तुझे आईवडील जन्मण्याआधी तुझा मूळ चेहरा कोणता होता? हाच प्रश्न कादंबरीत सोसुकेपुढे येतो, आणि लेखकाप्रमाणेच सोसुकेही उत्तराविना परततो. (हे शाकु सोएन आपल्याला अगदीच परके नाहीत. 1893 मध्ये शिकागोच्या ज्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले, तिथे जपानकडून तेही गेले होते. 1916 च्या डिसेंबरात सोसेकी गेला तेव्हा अंत्यविधीही त्यांनीच केले.) शेवट सांगत नाही. दोन-तीन ओळींचं नवरा-बायकोचं बोलणं आहे, ऋतूंबद्दल. ते वाचून पुस्तक मिटू नका, थोडा वेळ बसा.

आता काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत. तुमचं वय मला माहीत नाही. पंचविशीच्या आत असाल तर 'मोन'चा संथपणा कदाचित अंगावर येईल. तसं झालं तर खुशाल आधी 'सान्शिरो' घ्या. कुमामोतोहून तोक्योला शिकायला निघालेला मुलगा, गाडीत भेटलेला विचित्र प्रवासी, विद्यापीठातल्या तळ्याकाठी दिसलेली मिनेको. त्या तळ्याला आजही सान्शिरोचं तळं म्हणतात. 'सान्शिरो' (1908), 'सोरेकारा' (1909) आणि 'मोन' (1910) अशी ही त्रयी मानली जाते. पात्रं वेगवेगळी, पण एकाचा शेवट दुसऱ्याची सुरुवात व्हावी तशी. छापल्या क्रमाने वाचायला काही हरकत नाही. पण 'कोकोरो'वरून येणाऱ्याला मी उलटं जायला सांगते: आधी 'मोन', मग 'सोरेकारा' ('अँड देन'). तुम्ही परिणाम आधी पाहिलेला असतो. त्यामुळे 'सोरेकारा'तला दाइसुके, बापाच्या पैशावर जगणारा, उशाशी पडलेल्या कॅमेलियाच्या फुलाकडे बघत स्वतःच्या छातीचे ठोके तपासणारा, जेव्हा मित्राच्या बायकोला मनातलं सांगायचं ठरवतो, तेव्हा तुम्हाला पुढचं सगळं दिसत असतं आणि त्याला नसतं.

पत्राचा साचा तुम्हाला भावला असेल तर 'कोजिन' ('द वेफेअरर') पाहा. बायकोच्या मनात काय आहे ते कळावं म्हणून एक प्राध्यापक सख्ख्या भावाला तिच्यासोबत वाकायामाला पाठवतो, आणि शेवट इथेही एका लांब पत्राने होतो. पुस्तक ओबडधोबड आहे, पण 'कोकोरो'ची तालीम त्यात ऐकू येते. 'मिचिकुसा' आणि अपुरी राहिलेली 'मेइआन' सध्या बाजूला ठेवा. त्या मोठ्या आहेत आणि सोसेकीची सवय झाल्यावरच खुलतात.

नोगींबद्दल. 1877 च्या सात्सुमा बंडात त्यांच्या पलटणीचं निशाण शत्रूच्या हाती गेलं. ती लाज त्यांनी पस्तीस वर्षं वागवली. मेइजी सम्राट 30 जुलै 1912 ला गेले, आणि 13 सप्टेंबरला, त्यांच्या अंत्ययात्रेच्या रात्री, नोगींनी पत्नीसह जीव दिला. धन्यामागोमाग जाण्याची जुनी सामुराई रीत, 'जुन्शी', तोवर केव्हाच बंद झालेली होती. त्यामुळे सगळा देश हादरला. निम्म्यांना ते थोर वाटलं, निम्म्यांना रानटी. सेन्सेईंना त्यात दिसतात ती पस्तीस वर्षं: मरायचं ठरवून जगत राहिलेली. पत्नीचं नाव शिझुको होतं आणि सेन्सेईंच्या बायकोचं नाव शिझु. हा निव्वळ योगायोग असेल असं मला वाटत नाही.

हा धागा ओढायचा असेल तर मोरी ओगाई वाचा. पेशाने लष्करी डॉक्टर, जर्मनीत शिकलेला, नोगींना जवळून ओळखणारा. नोगींच्या अंत्यविधीच्या दिवशीच त्याने मासिकाकडे एक कथा सोपवली: सतराव्या शतकातला एक म्हातारा सामुराई मरणाआधी पत्र लिहितो आणि आपण का मरतोय ते सांगतो. 'ओकित्सु यागोएमोनचं मृत्युपत्र'. सेन्सेईंच्या पत्राच्या दोन वर्षं आधीची ही कथा. दोन्ही शेजारी ठेवून वाचली की सोसेकी कशाला उत्तर देत होता ते दिसतं. पण ओगाईची ही बाजू कोरडी आहे, नावं आणि वंशावळी फार. म्हणून त्याच्याकडे जाताना आधी 'गान' ('द वाइल्ड गीझ') या दारातून जा. सावकाराने ठेवलेली ओतामा, रोज तिच्या खिडकीवरून जाणारा विद्यार्थी, आणि एका संध्याकाळी खाणावळीत नेमकी मिसोत शिजवलेली बांगड्याच्या जातीची मासळी. निवेदकाला ती आवडत नाही, म्हणून तो मित्रासोबत फिरायला बाहेर पडतो. एवढ्या कारणाने एका बाईचं आयुष्य बदलायचं राहून जातं. दोन बैठकीत होणारी कादंबरी आहे.

आणि सेन्सेईंची बायको. आमच्या गटात हा प्रश्न नेहमी बायकाच काढतात. एकदा एक निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, "सगळ्यांना सगळं कळलं, तिलाच तेवढं नाही." मी तेव्हा त्यांच्या हातात एंची फुमिकोची 'ओन्नाझाका' दिली. 1957 ची, इंग्रजीत 'द वेटिंग इयर्स'. काळ मेइजीचाच. नवरा बडा सरकारी अधिकारी, आणि त्याच्यासाठी रखेल निवडून आणायला तो बायकोलाच तोक्योला पाठवतो. तोमो जाते, पंधरा वर्षांची मुलगी निवडते, घेऊन येते, आणि पुढची कितीतरी वर्षं ते घर चालवते. एक अक्षर बोलत नाही. शेवटी एकदाच बोलते. सोसेकीच्या घरांमध्ये भिंतीपलीकडे ज्या बायका गप्प असतात, त्यांच्या बाजूने ही भिंत पाहायला मिळते. ही कादंबरी तुम्ही टाळू नये असं मला मनापासून वाटतं.

याद्यांमधल्या बाकीच्यांबद्दल थोडक्यात. दाझाईची 'नो लाँगर ह्यूमन' (1948) सगळीकडे वर असते आणि 'कोकोरो'नंतर लगेच तीच सुचवली जाते. मी सुचवत नाही. पुस्तक उत्तम आहे, पण दोन्ही आत्मनाशाच्या कबुल्या आहेत, आणि एकीचं वजन उतरण्याआधी दुसरी घेणं मनाला बरं नाही. तीन दिवस वाचवलं नाही असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे मुद्दाम सांगते. मुराकामी आवडत असेल तर जरूर वाचा. सोसेकीवर त्याचं प्रेम आहे आणि 'सान्शिरो'च्या एका इंग्रजी आवृत्तीला त्याची प्रस्तावनाही आहे. पण तुमची ही भूक तिथे भागणार नाही. कावाबाता आणि मिशिमा थांबतील. त्यांना घाई नाही.

शोधताना उपयोगी पडतील अशा दोन गोष्टी. जपानीत आडनाव आधी येतं, पण मेइजी काळातले काही लेखक टोपणनावाने ओळखले जातात. नात्सुमे हे आडनाव, सोसेकी हे टोपणनाव. म्हणून काही ग्रंथालयांत तो 'न' मध्ये सापडतो, काहींत 'स' मध्ये. दुसरं, भाषांतर. 'कोकोरो'चं एडविन मॅक्लेलनचं 1957 चं भाषांतर सडसडीत आहे, मेरेडिथ मॅकिनीचं 2010 चं मूळाला जास्त धरून. दोघांनीही 'कोकोरो' हा शब्द तसाच ठेवला, कारण इंग्रजीत त्याला काळीज आणि बुद्धी असे दोन तुकडे करावे लागतात. आपलं नशीब चांगलं, आपल्याकडे 'मन' आहे. वाचताना तोच शब्द मनात धरा. 'मोन'साठी विल्यम सिबलीचं 2013 चं भाषांतर घ्या. आणि जपानी शिकत असाल तर सोसेकीचं लेखन 'आओझोरा बुन्को' या संकेतस्थळावर मूळ भाषेत मोफत आहे. सुरुवात 'दहा रात्रींची स्वप्नं' (1908) मधल्या पहिल्या स्वप्नाने करा. दोन-तीन पानांचं आहे.

म्हणजे ओळीने: आता 'मोन', मग 'सोरेकारा'. मध्ये महिनाभर जाऊ द्या. नंतर नोगी खुणावत असतील तर ओगाई, शिझु खुणावत असेल तर एंची.

आणि 'मोन' सुरू करण्याआधी, याच आठवड्यात, आणखी एक छोटं पुस्तक मिळालं तर बघा. 'गारासुदो नो उची', इंग्रजीत 'इनसाइड माय ग्लास डोअर्स'. 1915 च्या जानेवारी-फेब्रुवारीत 'आसाही'त आलेले एकोणचाळीस छोटे लेख. म्हणजे सेन्सेईंचं पत्र छापून झाल्यावर जेमतेम पाच महिन्यांनी. सोसेकी आजारी, काचेच्या दारांमागे बसून लिहितोय: मेलेला कुत्रा, लहानपणीचं घर, भेटायला येणारी माणसं. त्यात एक अनोळखी बाई येते. ती आपली सगळी कहाणी सांगते आणि विचारते, तुम्ही माझ्यावर कादंबरी लिहिलीत तर शेवटी त्या बाईने मरावं असं लिहाल की जगावं? त्याला उत्तर देता येत नाही. रात्रीचे अकरा वाजलेले असतात, म्हणून तो तिला पोचवायला निघतो. चांदणं असतं. ती म्हणते, सेन्सेईंनी मला पोचवायला यावं हा माझा मोठा मान आहे. तो थांबतो आणि गंभीरपणे विचारतो, खरंच तसं वाटतं तुम्हाला? ती हो म्हणते. मग मरू नका, जगा, असं तो तिला सांगतो, आणखी थोडं तिच्यासोबत चालतो आणि घराकडे वळतो.